तेवीस नंबरचं चौदावं ताट

पंचवीस वर्षं एका अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांना जेवताना बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, असं काम असतं हे कोणाला सांगितलं तर माणसं हसतात. हसोत बापडी. ती स्वतःसुद्धा सुरुवातीला हसली होती. मुलाखतीत मोठ्या बाईंनी तिला एकच प्रश्न विचारला होता, "तुम्हाला कंटाळा येतो का?" ती म्हणाली, "येतो, पण तोंडावर दिसत नाही." एवढ्यावर नोकरी पक्की झाली. पुढे सगळे तिला काचताई म्हणू लागले, कारण ती काचेच्या पलीकडे बसायची, आणि तिचं खरं नाव विचारायची कोणाला गरज पडली नाही.

मोठ्या बाई म्हणजे त्या उपचारकेंद्राच्या मानसशास्त्रज्ञ. खाण्याचे आजार हा त्यांचा विषय. अन्नाची इतकी भीती बसते की माणूस हाडं वर येईपर्यंत उपाशी राहतं, किंवा हावऱ्यासारखं खाऊन सगळं ओकून टाकतं, अशी माणसं त्यांच्याकडे यायची, बहुतेक तरुण मुली. त्याआधीचे डॉक्टर या मुलींशी तासन्‌तास बोलत. लहानपण कसं गेलं, आई कशी होती, स्वप्नं काय पडतात. मुली छान उत्तरं देत आणि वजन उतरतच जाई. बाई म्हणाल्या, गप्पा नंतर मारू, आधी जेवायला बसू. टेबलावर पेशंट आणि समोर एक सिस्टर, दोघींपुढे सारखं ताट. अर्धा तास. खाल्लं म्हणून शाबासकी नाही, नाही खाल्लं म्हणून बोलणी नाहीत. विषय काढायचा तर हवापाण्याचा. ताट संपलं की तासभर तिथेच बसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सलग चौदा ताटं पूर्ण झाली की मुलगी घरी.

ही चौदाची अट बाईंना स्वप्नात दिसली नव्हती. ती मोजणीतून आली. दहा ताटांवर सोडलेल्या मुली निम्म्याहून जास्त परत येत, बारावर सोडलेल्याही येत, चौदावर सोडलेल्या फारशा येत नसत. चाळीस मुलींची ती मोजणी बाईंनी छापली आणि बघता बघता बाईंचं नाव झालं. नऊ भाषांत ती पद्धत गेली. परक्या देशांतले डॉक्टर वह्या घेऊन यायचे, टेबल बघायचे, खुर्च्या बघायचे, भिंतीवरच्या घड्याळाचासुद्धा फोटो काढायचे. काचेमागची खोली मात्र कोणी बघायला मागितली नाही. तिथे होतं तरी काय, एक स्टूल, एक पेन्सिल आणि एक बाई.

आता काच म्हणजे काय ते सांगायला हवं. जेवणाच्या खोलीतून बघितलं तर तो भिंतीतला आरसा होता. मागच्या खोलीत अंधार ठेवला की तिथून आरपार दिसायचं. काचताईच्या मांडीवर एक तक्ता असायचा. प्रत्येक घासाला एक ओळ, आणि ओळीत चार रकाने: गिळला, परत ठेवला, थुंकला, लपवला. घास उचलल्यापासून घशाची हालचाल होईपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि एका रकान्यात खूण करायची. वाचायला सोपं वाटतं. पण या मुली घास लपवण्यात भल्याभल्या जादूगारांना पाणी पाजतील. गालात, रुमालात, केसांच्या बुचड्यात, मोज्यात. एकीने तर उकडलेला बटाटा टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवला होता, महिनाभर. समोर बसलेल्या सिस्टरला दिसायचं नाही ते काचताईला दिसायचं, कारण सिस्टरला बोलायचंही असे आणि खायचंही असे. काचताईला फक्त बघायचं होतं.

एक नियम फार कडक होता. बघणाऱ्या माणसाने पेशंटला भेटायचं नाही, बोलायचं नाही, नावसुद्धा विचारायचं नाही, फक्त नंबर. "ओळख झाली की नजर मऊ होते," बाई म्हणायच्या, "आणि नजर मऊ झाली की माझा सगळा अभ्यास पाण्यात." म्हणून काचताई मागच्या दाराने सकाळी लवकर आत शिरायची आणि वॉर्डात सामसूम झाल्यावर बाहेर पडायची. पंचवीस वर्षांत एकाही पेशंटने तिचं तोंड पाहिलं नाही. तिने मात्र त्यांच्या जिभासुद्धा पाहिल्या होत्या.

अशा कामाची सवय ऑफिसात ठेवून घरी जाता येत नाही. एका रविवारी भावाकडे जेवताना ती सहज म्हणाली, "दादा, तू दर तिसऱ्या घासाला पाणी पितोस." भाऊ हसला. वहिनीचा हात मात्र ताटातच थबकला.

"आणि मी हो, वन्सं? माझं काय मोजलंत?"

"काही नाही गं. तू आपली डाव्या बाजूने चावतेस. दाढ दाखवून घे."

दाढ खरंच किडलेली निघाली, पण त्याने वहिनीचा राग वाढलाच. त्यानंतर रविवारची बोलावणी हळूहळू आटली. आधी पाहुणे येणार असायचे, मग भाऊ दमलेला असायचा, मग कोणी कारणही सांगेना. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. आपल्या ताटावर कोणी नजर ठेवलेली कोणाला आवडेल? लग्न तिचं झालं नव्हतं. एकदा जुळत आलं होतं, तर त्या गृहस्थाबरोबर हॉटेलात जेवायला गेली आणि त्याने अर्धी भाजी नॅपकिनखाली सारलेली तिला दिसली. भाजी खारट होती एवढंच. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "लपवलात ना." तेव्हापासून ती घरी ओट्याशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून जेवायची. भिंत तिच्यावर रागावत नसे.

त्या चाळीस मुलींमध्ये तेवीस नंबर होती. वय वर्षं एकोणीस, मनगट दोन बोटांच्या कडीत मावेल एवढं. कायम लांब बाह्यांचा राखाडी स्वेटर. साडेतीन महिने ती त्या टेबलावर बसली. कधी पाच ताटं सलग पूर्ण करायची आणि सहाव्याला हात आखडता घ्यायची, की मोजणी पुन्हा एकपासून. तिची एक लकब होती. पहिला घास उचलण्याआधी ती मान वर करून आरशात बघायची. बहुतेक मुली आरशाकडे पाठ करून बसायला मागत, त्यांना स्वतःचं शरीर बघवत नसे. ही मात्र सरळ बघायची, दोनतीन सेकंद, आणि मग खायला लागायची. काचेच्या पलीकडे तिची नजर नेमकी काचताईच्या डोळ्यांवर यायची. स्टूलच तिथे होतं, दुसरं काय. तिला आपण दिसत नाही हे काचताईला पक्कं ठाऊक होतं. तरी एके दिवशी तिची स्वतःची मान आपसूक हलली, खा गं, असं सांगितल्यासारखी. दुसऱ्या दिवशीही हलली. मग ते रोजचंच झालं. दिवसभरात काचताईकडे कोणी एवढा वेळ बघतच नसे, तिला तरी दुसरं कोण होतं?

नजर मऊ झाली होती, आणि हे तिचं तिला कळत होतं. बाईंना जाऊन सांगायला हवं होतं, की या नंबरासाठी दुसरी कोणी बसवा. तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारी साडेबाराला ती कुठे बसली असती?

मग शेवटी तेवीसची तेरा ताटं सलग पूर्ण झाली. चौदाव्या दिवशी तिच्या खुर्चीशेजारी सामानाची बॅग भरून ठेवलेली होती. सिस्टरने भरली होती, ताट संपलं की आज सुट्टी. सूप, ब्रेड, उकडलेला बटाटा, केळं. तेवीसने आरशात पाहिलं, नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ. सूप संपवलं. बारा वाजून पन्नास मिनिटांनी तिने ब्रेडचा तुकडा बटाट्याला लावून उचलला, ओठांपर्यंत नेला, सिस्टर पाणी ओतायला वळली तेवढ्यात हात खाली आला आणि घास उजव्या बाहीत गेला. काचताईने तो स्वच्छ पाहिला. आंधळ्यालाही दिसला असता इतका तो सावकाश गेला होता.

पेन्सिल चौथ्या रकान्यावर आली. लपवला. एक खूण, की चौदावं ताट बाद, बॅग पुन्हा कपाटात, आणखी दोन आठवडे, कदाचित आणखी महिने. पोरीचा चेहरा पडेल. एका घासाने काय होतंय, असं काचताईच्या मनात आलं. जाऊ दे तिला घरी. आणि तिने पहिल्या रकान्यात खूण केली. गिळला.

दुसरी एक बाई नमुन्यादाखल दर पाचवं ताट कॅमेऱ्याच्या टेपवर तपासायची, पण हे ताट तिच्या वाट्याला आलं नव्हतं. तेवीस नंबर त्याच दुपारी बॅग उचलून गेली. जाताना तिने एकदा आरशाकडे पाहिलं की नाही, ते काचताईने पाहिलं नाही. ती तक्त्यावर मान खाली घालून बसली होती.

पुढचं सगळं सरळ वाटत होतं. आठवडाभर काचताई खुशीत होती. मग एक मुलगी, दुसऱ्याच नंबरची, घरी जाऊन चार महिन्यांत गेली. हृदय बंद पडलं. बातमी आली तशी बाईंनी त्या मुलीचे सगळे तक्ते काढून एकेक घास पुन्हा तपासला. काही चूक सापडली नाही. काचताई मात्र पार हबकली. या आजारात माणसं मरतात हे तिने वाचलं होतं, ऐकलं होतं, पण एक घास आणि मरण यांच्यात किती अंतर असतं हे तिने मोजलं नव्हतं. तेवीसला आपण चौदा नाही, तेरावर घरी पाठवलं. तेरावर सोडलेल्यांचं काय होतं, याचा आकडाच बाईंकडे नव्हता, कारण तेरावर कोणाला सोडलेलंच नव्हतं. एकीला सोडून.

बावीस वर्षं ही गोष्ट तिचं मन खात राहिली. चाळीसातला एक तक्ता खोटा निघाला म्हणून बाईंचा नियम कोसळत नाही, एवढं गणित तिलाही येत होतं. तिला नियमाचं पडलं नव्हतं. ती पोर जिवंत आहे का, एवढंच तिला हवं होतं, आणि ते विचारायची सोय नव्हती. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि विचारायला जावं तर "का?" या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागेल. बसमध्ये लांब बाह्यांची कोणी बारीक बाई दिसली की ती एक थांबा पुढे जायची. दोनदा ती चुकीच्या बाईच्या मागे पार भाजीबाजारापर्यंत गेली. इतर वेळी काम चोख. एवढी चोख, की बाई नव्या लोकांना तिचे तक्ते दाखवून सांगायच्या, "असं भरायचं." तेव्हा काचताईला तोंडात मारल्यासारखं व्हायचं.

बाई एकाहत्तरच्या झाल्या तेव्हा त्यांनी शेवटचा अभ्यास काढला. त्या चाळीसजणींचं पुढे काय झालं? पत्रं गेली. ज्या येतील त्यांनी त्याच टेबलावर एक ताट जेवायचं आणि मग बाईंशी तासभर बोलायचं. ऑफिसातल्या कारकुनाने भिंतीवर यादी लावली. नंबरापुढे कधी 'येणार', कधी 'नकार', कधी 'पत्ता सापडत नाही'. तीन ठिकाणी 'मयत'. काचताई रोज सकाळी मागच्या दाराने आत आली की आधी त्या यादीसमोर उभी राहायची. बावीसपुढे 'येणार'. चोवीसपुढे 'नकार'. तेवीसपुढची जागा अडीच महिने कोरी होती आणि तिचा जीव टांगणीला. त्या दिवसांत ओट्याशी उभं राहूनही तिला घास जात नव्हता. आणि एका सोमवारी तिथे लिहिलेलं होतं, 'गुरुवार, साडेबारा'.

जिवंत आहे, हे कळल्यावर ती स्टोअररूममध्ये जाऊन रडली. बावीस वर्षांचं ओझं उतरलं असं तिला वाटलं. एका घासाने काही झालं नाही. मऊ नजरेने काही बिघडलं नाही, उलट भलंच झालं असेल. तीन दिवस ती जमिनीला पाय न लागल्यासारखी वावरली. बुधवारी तिने भावाला फोनही केला, आणि तो काय खातोय हे न विचारता ठेवला.

गुरुवारी आली ती एक रुंद खांद्यांची, चाळिशीतली बाई. केस बारीक कापलेले, नखांच्या कडेला काळं वंगण, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. काचताईने नंबर दोनदा तपासला. तीच. कानाची पाळी तीच, चमचा धरायची तऱ्हा तीच. तिने ताट ओढून घेतलं आणि खायला लागली, आणि काचताईची मान हलवायची राहूनच गेली, कारण तिने आरशात बघितलंच नाही. एकदाही नाही. गाडी पकडायची असल्यासारखी ती जेवली. एकोणतीस घास, एकोणतीस खुणा, सगळ्या पहिल्या रकान्यात. इतका सोपा तक्ता काचताईने कधी भरला नव्हता.

मग सिस्टर ताटं घेऊन गेली आणि मोठ्या बाई आत आल्या. इथे नियम असा, की बोलणं सुरू झालं की काचेमागच्या माणसाने भिंतीवरच्या स्पीकरचं बटण बंद करायचं आणि खोली सोडायची. काचताईने पंचवीस वर्षं तो पाळला होता. आज तिने बटणाला हात लावला नाही.

"काय करता सध्या?" बाईंनी विचारलं.

"लिफ्ट दुरुस्त करते. तेरा वर्षं झाली."

"आणि खाणं?"

"आता ठीक आहे. पण तुमच्यामुळे नाही हं, बाई. स्पष्ट बोलते, राग मानू नका."

"राग कसला. त्यासाठीच बोलावलंय. इथून गेल्यावर काय झालं?"

"इथून गेल्यावर नऊ वर्षं वाईट गेली. दोनदा दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्यांदा तर आईने आत्याला बोलावून घेतलं होतं, शेवटचं बघून घे म्हणून." ती हे अगदी सहज सांगत होती. "मग लिफ्टच्या कामाला लागले. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता. पहिल्याच दिवशी जेवताना मी घास तेलाच्या चिंधीत गुंडाळला. तो समोरून म्हणाला, 'ए, ते चिंधीतलं फेक आणि दुसरं खा, नाहीतर मी शाफ्टमध्ये उतरू देणार नाही. चक्कर येऊन पडशील आणि मला तुझ्या आईला तोंड दाखवावं लागेल.' सगळ्यांसमोर बोलला. मी इतकी रडले, बाई. आनंदाने."

"आनंदाने का?"

"पकडलं ना कोणीतरी."

बाई लिहीत होत्या.

"इथे काय कमी पडलं असं वाटतं?" बाईंनी विचारलं.

तेवीस टेबलावर बोटाने रेघा ओढत सांगू लागली.

"घरी आम्ही सहाजण. माझ्या ताटात काय आहे, काय नाही, कोणी बघत नव्हतं. आठ महिने मी जेवले नाही, तेही शेजारणीने सांगितलं तेव्हा कळलं त्यांना. इथे आले तर हा आरसा. पहिल्या आठवड्यातच मला कळलं की हा साधा आरसा नाही, मागे माणूस आहे. एकदा खोकल्याचा आवाज आला होता. सिस्टर समोर बसायच्या, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे. मागचं माणूस मात्र मला बघतंय, असं मला वाटायचं. फक्त मला. रोज मी त्याच्याकडे बघून घ्यायचे आणि मग खायचे. खरं सांगते, मी तुमच्या पद्धतीने खाल्लं नाही. मी त्या माणसासाठी खाल्लं."

"मग?"

"मग तेरा ताटं झाली आणि घरी जायची वेळ आली. मला भीती वाटली. म्हणून चौदाव्या दिवशी मी मुद्दाम एक घास बाहीत टाकला. अगदी सावकाश, दिसावा म्हणून. म्हटलं, आता ते माणूस सांगेल. मला ठेवून घेतील." ती हसली. "कोणी काही बोललं नाही. बॅग हातात दिली. तेव्हा कळलं, मागे कोणी नव्हतंच. इतके दिवस मी रिकाम्या खोलीकडे बघून जेवत होते. घरी गेले ती त्याच दिवसापासून बंद केलं. कोणासाठी खायचं?"

बाईंचं लिहिणं थांबलं. पेशंटच्या समोर बसलेल्या माणसाने आरशाकडे कधीही बघायचं नाही, हा त्यांनीच घातलेला नियम. पंचवीस वर्षांत त्यांनी तो मोडला नव्हता. आता त्यांनी मान वळवली आणि सरळ काचेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चौदाव्या ताटाचा तक्ता त्यांनी किती वेळा पाहिला असेल, त्यात कोणाच्या हातची खूण आहे, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

"नोंदीत तुमचं ते ताट पूर्ण आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"बघा ना," तेवीस म्हणाली. "म्हणजे कोणी नव्हतंच."

काचताई उठली. स्टूल पडलं, ते तिने उचललं नाही. दोन्ही खोल्यांच्या मध्ये जेमतेम दहाबारा पावलांचा बोळ होता. त्या बोळातून ती एकदाही गेली नव्हती. ही आपली नोकरीची शेवटची दुपार असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि त्याचं तिला काहीच वाटलं नाही. एवढंच वाटत होतं, की या पोरीने घरी जाण्याआधी हे ऐकलं पाहिजे. आज तरी.

तिने दार ढकललं. बाईंनी तिला अडवलं नाही. तेवीसने वळून पाहिलं. कोणी ऑफिसातली बाई आली असेल, अशाच नजरेने.

"उजवी बाही," काचताई म्हणाली. "उजव्या बाहीत टाकलास. ब्रेडचा तुकडा, बटाट्याला लावलेला. सिस्टर पाणी ओतायला वळल्या तेव्हा. बाराला दहा कमी... नाही, बारा पन्नासला. राखाडी स्वेटर होता तुझा, डाव्या कोपराला उसवलेला."

तेवीसच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"तुम्ही होतात?"

"रोज होते. सत्याण्णव ताटं. तू बघायचीस तेव्हा मी मान हलवायचे. तुला दिसत नव्हतं."

"आणि तो घास तुम्हाला दिसला होता?"

"दिसला होता."

तेवीस तिच्याकडे बघत राहिली, अगदी तशीच, सरळ, दोनतीन सेकंद. काचताईने बावीस वर्षं या नजरेची वाट पाहिली होती, आणि आता ती आली तर तिला डोळे वर ठेवणं कठीण जात होतं.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं," काचताई म्हणाली, "एका घासासाठी कशाला अडकवायचं तुला. मला वाटलं, तुला घरी जायला मिळेल."

तेवीसने दुमडलेल्या बाह्या एकेक करून खाली सोडल्या, मनगटापर्यंत. मग रागावून नाही, ओरडून नाही, मोठ्या माणसाला समजावून सांगावं तसं ती म्हणाली, "मला घरी जायचंच नव्हतं, मावशी."